बंद पडलेला एस.एम.पी.एस. : दोष शोधावा कसा?

घरातील दूरचित्रवाणी संच, अभ्यासिकेतील संगणक, सेट-टॉप बॉक्स, मोबाईलचा चार्जर, बँकेतील नोटा मोजण्याचे यंत्र या सर्वांच्या पोटात एक समान अवयव असतो. विजेच्या तारेतून येणारा २३० व्होल्टचा प्रवाह या यंत्रांना जसाच्या तसा चालत नाही. त्यांना ५, १२ किंवा २४ व्होल्टचा आणि एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. हे रूपांतर जो भाग करतो त्यास स्विच मोड पॉवर सप्लाय, म्हणजेच एस.एम.पी.एस. असे म्हणतात. यंत्र 'डेड' झाले असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा यंत्र शाबूत असते आणि त्यास अन्न पुरवणारा हा भाग तेवढा बंद पडलेला असतो.

आम्ही कला शाखेचे पदवीधर व पेशाने बँकेतील कारकून. तरीही स्मरणिकेसाठी हा विषय निवडला, कारण दरवर्षी वळवाच्या पावसानंतर आपल्या वस्तीतील कितीतरी चालण्याजोगी यंत्रे भंगारवाल्याच्या गाड्यावर जाताना आम्ही पाहतो. दुसरे असे की, यातील दोष शोधण्याची रीत ही आमच्या धंद्यातील ताळा जुळवण्याच्या रीतीहून फारशी निराळी नाही. हाताने खाती लिहिण्याच्या काळातले ज्येष्ठ सहकारी सांगत असत की, दिवसअखेर ताळा जमला नाही तर पहिल्या व्हाउचरपासून सुरुवात करायची नाही. मधली बेरीज पाहायची. ती जमली तर चूक पुढच्या अर्ध्यात, न जमली तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. एस.एम.पी.एस.मध्येही अशी एक मधली बेरीज आहे. ती कोणती हे समजण्यासाठी आधी त्याचे कार्य थोडक्यात पाहू.

जुन्या रेडिओत किंवा टेपरेकॉर्डरमध्ये लोखंडी पत्र्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असे. आपल्याकडील वीज सेकंदाला फक्त ५० आवर्तने करते. आवर्तने जितकी कमी, तितका ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो. मोट आणि रहाट यांचा फरक येथे आठवावा. मोट सावकाश येते म्हणून ती मोठी असावी लागते. रहाटाची गाडगी लहान, पण भराभर येतात, म्हणून पाणी तेवढेच मिळते. एस.एम.पी.एस. हा रहाट आहे. तो प्रथम २३० व्होल्टचा प्रवाह चार डायोडच्या ब्रिजमधून एकदिशा करून एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. येथे दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो, कारण २३० हा आकडा लाटेच्या सरासरी परिणामाचा असतो. लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट उंच असतो. हा साठलेला प्रवाह मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला साधारण पन्नास हजार ते एक लाख वेळा तोडतो व जोडतो. इतक्या वेगामुळे काडेपेटीएवढा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. त्याच्या पलीकडे डायोड व कपॅसिटर यांतून ५ किंवा १२ व्होल्ट बाहेर पडतात. बाहेर दाब बरोबर आहे की नाही याची खबर ऑप्टोकपलर नावाचा लहानसा चौकोनी भाग उजेडाच्या साहाय्याने मागे पाठवतो आणि त्यानुसार कंट्रोल आय.सी. मॉसफेटला कमी-जास्त चालवते.

ही युक्ती फार जुनी आहे. १९७७ च्या ॲपल-२ संगणकात रॉड होल्ट या अभियंत्याने असा सप्लाय बसवला, त्यामुळे तो संगणक पंख्याशिवाय चालू शकला. पण त्याआधीही मोठ्या यंत्रांत तो वापरात होताच. आज टेबलावरच्या संगणकात जो सप्लाय दिसतो त्याचा ए.टी.एक्स. हा नमुना इंटेलने १९९५ साली आणला.

वरील वर्णनावरून ध्यानात येईल की, सर्किटचे दोन प्रांत आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचा प्रांत थेट खांबावरच्या विजेशी जोडलेला असतो; मेकॅनिक लोक त्यास 'हॉट' बाजू म्हणतात. पलीकडची बाजू 'कोल्ड'. दोहोंमध्ये तारेचा संबंध नसतो. बोर्ड उलटा धरला तर मधून जाणारा कोरा पट्टा स्पष्ट दिसतो. तो मोठा कपॅसिटर म्हणजे आमची मधली बेरीज. तेथे ३२५ व्होल्ट आहेत की नाहीत, हा पहिला प्रश्न.

पण तो प्रश्न विचारण्याआधी सुरक्षिततेबद्दल विस्ताराने सांगणे आम्हास भाग आहे. प्लग काढला म्हणजे धोका संपला, अशी समजूत येथे प्राणावर बेतू शकते. २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला ११ ज्यूलहून अधिक ऊर्जा साठते, आणि सप्लाय सुरूच होत नसेल तर ती खर्च होण्यास वाट नसल्यामुळे प्लग काढल्यावरही बराच वेळ तेथेच राहते. म्हणजे चालू सप्लायपेक्षा बंद पडलेला सप्लाय अधिक धोक्याचा! ई.एल.सी.बी. बसवला आहे म्हणून निर्धास्त राहू नये. कपॅसिटरच्या दोन टोकांमधून हातातून जाणारा प्रवाह जमिनीकडे गळत नाही, त्यामुळे ते उपकरण त्यास ओळखतच नाही. कपॅसिटर रिकामा करताना स्क्रू-ड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची अनेकांना सवय असते, ती वाईट. दोन किलो-ओहमच्या आसपासचा, ५ ते १० वॅटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड तारांना लावून ठेवावा, तो टोकांना काही सेकंद धरावा आणि नंतर मीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी. खात्री मीटरनेच, अंदाजाने नाही. पायात कोरडी चप्पल, एक हात शक्यतो पाठीमागे आणि खोलीत दुसरे माणूस हवेच. ज्या विद्यार्थ्यांनी मीटर अद्याप हाताळलेला नाही त्यांनी हॉट बाजूस हात घालण्याआधी जाणत्या मेकॅनिकजवळ काही दिवस बसावे. आय.टी.आय.तील इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड घेतलेली मुले वस्तीत असतात, त्यांची मदत घ्यावी.

आता शोध. संगणकाचा सप्लाय असेल तर तो उघडण्याआधीच बरेच काही कळते. भिंतीतील सॉकेट, वायर आणि सप्लायच्या पाठीमागचे बटण तपासावे. जुन्या सप्लायवर ११५ व २३० असे लिहिलेला लाल रंगाचा सरकता स्विच असतो. कोणी पुसताना तो ११५ वर सरकवला आणि वीज दिली तर सप्लाय तत्क्षणी जातो. नंतर सप्लाय मदरबोर्डपासून सोडवावा. जांभळ्या व काळ्या तारेमध्ये ५ व्होल्ट मिळायला हवेत. हा 'स्टँडबाय' दाब संगणक बंद असतानाही हजर असतो. तो असेल तर हिरवी तार काळ्या तारेस जोडावी. पंखा फिरला, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले, तर सप्लाय बहुधा निर्दोष आहे आणि आजार मदरबोर्डकडे शोधावा. येथेच पुष्कळांचे नवीन सप्लायचे पैसे वाचतात.

जांभळ्या तारेवर काहीच नाही, मग पेटी उघडावी. मीटर लावण्याआधी डोळे व नाक वापरावे. फुगलेले कपॅसिटर, तडकलेला भाग, जळका वास हे तर आहेच. पण आमच्या भागात उबेसाठी आत शिरलेली पाल, झुरळ किंवा मुंग्यांचे वारूळ यांनी झालेला शॉर्ट काही कमी वेळा सापडत नाही. नंतर फ्यूज पाहावा. काच काळी-चंदेरी झाली असेल तर आत मोठा शॉर्ट झालेला आहे. काच स्वच्छ असून आतली तार तेवढी तुटली असेल तर फ्यूज म्हातारपणाने किंवा किरकोळ धक्क्याने गेला असण्याची शक्यता आहे. काळ्या फ्यूजच्या जागी दुसरा फ्यूज घालून नशीब अजमावणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे तांब्याची तार गुंडाळणे, हा प्रकार गावोगाव चालतो. फ्यूज उडणे हा परिणाम आहे. कारण पुढे बसलेले असते आणि तार गुंडाळल्यावर ते बोर्डाच्या पट्ट्यांसकट जळते.

काळा फ्यूज दिसला की प्लग काढलेला व कपॅसिटर रिकामा असताना मीटर बीपवर ठेवून क्रमाने जावे. फ्यूजनंतर बहुधा निळ्या चकतीसारखा व्हॅरिस्टर असतो. तो जादा दाब आला की स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. त्यानंतर ब्रिज. प्रत्येक डायोड एका बाजूने ०.५ ते ०.६ दाखवतो व उलट बाजूने काही नाही. दोन्ही बाजूंनी बीप वाजला तर तो गेला. मग मॉसफेट, किंवा जुन्या सप्लायमध्ये मोठे ट्रान्झिस्टर. मॉसफेटच्या ड्रेन व सोर्समध्ये दोन्ही बाजूंनी बीप आला तर बोर्डातून काढून पुन्हा तपासावा. तो खरोखर शॉर्ट निघाला तर एकटा बदलून चालत नाही. त्याच्या गेटचा रेझिस्टर, सोर्सजवळचा एक ओहमहून कमी किमतीचा रेझिस्टर आणि बहुतेक वेळा कंट्रोल आय.सी. हे त्याच्याबरोबर गेलेले असतात. हे न पाहता नवा मॉसफेट घातला तर तो पहिल्याच सेकंदात आधीच्याच्या वाटेने जातो.

भाग बदलल्यावर थेट वीज देऊ नये. मेकॅनिकच्या दुकानात सिरीज बोर्ड असतो, म्हणजे वीज १०० वॅटच्या तारेच्या बल्बमधून यंत्राकडे जाते. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक. मोठा कपॅसिटर भरला एवढाच त्याचा अर्थ. बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, पण बल्बाने प्रवाह अडवल्यामुळे नवा भाग वाचला. यासाठी एल.ई.डी. बल्ब उपयोगाचा नाही. तारेचे बल्ब आता दुकानात मिळणे अवघड झाले आहे. जुन्या घरात एखादा सापडल्यास जपून ठेवावा, असे आमच्या ओळखीचे एक वृद्ध रेडिओ मेकॅनिक सर्वांना बजावत असतात.

फ्यूज शाबूत आहे पण बाहेर दाब नाही, अशी स्थिती असेल तर मधली बेरीज पाहावी. हॉट बाजूचे मोजमाप करताना मीटरची काळी पिन मोठ्या कपॅसिटरच्या ऋण टोकास लावावी. ती पेटीच्या पत्र्यास किंवा बाहेरच्या काळ्या तारेस लावली तर आकडे भलतेच येतात, कारण ते दोन निराळे प्रांत आहेत.

आमच्या अभ्यासिकेतील संगणकाचीच गोष्ट येथे उपयोगी पडेल. मे महिन्यात रात्री वळीव झाला, वीज गेली, पहाटे आली आणि सकाळी संगणक मेलेला. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपायला चार दिवस उरले होते आणि ज्यांच्या घरी संगणक नाही ती मुले याच यंत्रावर अवलंबून होती. विजेच्या लोळाने बोर्डच जाळला, नवीन घ्या, असा सर्वांचा निष्कर्ष. वर सांगितलेले मेकॅनिक आले. फ्यूज चांगला. जांभळी तार शून्य. मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट. म्हणजे पहिला अर्धा ताळा जमला. व्हॅरिस्टर, ब्रिज, कपॅसिटर सर्व निर्दोष. लोळाचा संशय येथेच बराचसा कमी झाला, कारण लोळ आला असता तर या पहिल्या रांगेतील कोणीतरी पडले असते. राहिला स्टँडबाय विभाग. तेथे आय.सी.शेजारी २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक करंगळीच्या टोकाएवढा कपॅसिटर होता. दिसायला अगदी धडधाकट, फुगलेला नाही. त्यांनी तो बदलला, सिरीज बोर्डवर वीज दिली आणि जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट आले. त्या कपॅसिटरची किंमत एका चहाहून कमी.

असे का झाले हे समजून घेण्यासारखे आहे. कंट्रोल आय.सी.ला सुरू होताना लागणारी वीज मोठ्या किमतीच्या एका रेझिस्टरमधून थेंबाथेंबाने या लहान कपॅसिटरमध्ये जमते. पुरेशी जमली की आय.सी. जागी होते, ट्रान्सफॉर्मर चालू होतो आणि त्याचाच एक जादा वेढा मग आय.सी.ला पोसतो. पहिल्या क्षणापासून तो वेढा हाती घेईपर्यंतची तग कपॅसिटरने धरायची असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यातील द्रव सुकला की साठवण कमी होते. चालू असलेला सप्लाय तरीही चालूच राहतो, कारण वेढ्याकडून अखंड पुरवठा आहे. भिंतीवरचे बटण कोणीच बंद करत नाही, त्यामुळे स्टँडबाय विभाग रात्रंदिवस जागा असतो व आजार लपून राहतो. एकदा वीज गेली की मात्र पुन्हा सुरुवात करण्याची ताकद त्यात उरलेली नसते. वीज गेल्यानंतर मेलेल्या कितीतरी यंत्रांत वादळाचा काही दोष नसतो. तो थेंबाथेंबाचा रेझिस्टर स्वतः तुटला तरी लक्षण हेच दिसते, म्हणून दोन्ही तपासावेत.

'टिक टिक' असा आवाज येत असेल तर सप्लाय उठण्याचा प्रयत्न करतो आणि परत बसतो असे समजावे. बाहेरच्या बाजूचा जोड-डायोड शॉर्ट असणे किंवा तेथील कपॅसिटर फुगलेले असणे ही नेहमीची कारणे. कपॅसिटर घेताना १०५ अंशांचा व लो-ई.एस.आर. असा मागावा, ८५ अंशांचा साधा घालू नये. तापमान दहा अंशांनी कमी झाले की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास टिकेल; रोज आठ तास धरले तर जवळजवळ अकरा वर्षे. पंख्यावरची धूळ वर्षातून एकदा काढण्याचे महत्त्व या हिशोबावरून दिसावे. भाग स्थानिक दुकानात न मिळाल्यास पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हमखास मिळतात. मात्र हॉट व कोल्ड प्रांतांच्या सीमेवर असलेला निळा वाय-वर्गाचा कपॅसिटर त्याच वर्गाच्या कपॅसिटरनेच बदलावा. तेथे साधा घातला आणि तो शॉर्ट झाला तर मुलांच्या हाताला लागणाऱ्या संगणकाच्या पत्र्यापर्यंत खांबावरची वीज पोचण्याचा मार्ग खुला होतो.

वादळाने खरोखर होणारे नुकसान बहुधा न्यूट्रल तुटण्याचे असते. झाडाची फांदी पडून न्यूट्रल तुटला की दोन फेजमधला ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब दोन घरांमध्ये वाटला जातो, पण सारखा नव्हे. ज्या घरात विजेचा वापर कमी, त्याच्या वाट्याला दाब जास्त. दाब ४०० पर्यंत चढला तर मोठ्या कपॅसिटरवर ५६५ व्होल्ट येतात. त्याची क्षमता ४०० किंवा ४५० ची. तो फुटतोच. दिवे एकाएकी फार प्रखर झाले तर मुख्य स्विच तत्काळ बंद करणे हाच उपाय.

कोल्हापूरकरांना आणखी एका संकटाची माहिती द्यावयास नको. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा त्याच घरात. सुतारवाडा, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, तसेच चिखली, आंबेवाडी येथे घराघरांतून टी.व्ही. व संगणक पाण्याखाली होते. असे यंत्र वरून कोरडे दिसले म्हणून प्लग लावू नये. पाणी वाळते, गाळ राहतो आणि हवेतील ओलाव्याने तो वीज वाहू लागतो. बंद अवस्थेत बुडालेला सप्लाय उघडून स्वच्छ पाण्याने धुवावा, जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावा, आठवडाभर हवेशीर जागी वाळवावा आणि सिरीज बोर्डवरच प्रथम सुरू करावा. चालू असताना बुडालेला असेल, तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या असतील, तर मोह सोडावा. तसेच सिलबंद स्वस्त चार्जर कापून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. तो पुन्हा तितकाच सुरक्षित बंद होत नाही. असे टाकाऊ बोर्ड जाळून तांबे काढण्यास देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जावयास हवेत.

दुरुस्त झालेला सप्लाय लगेच यंत्रात बसवू नये. एखादी जुनी हार्डडिस्क किंवा १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब जोडून तासभर चालवावा, मधून मधून दाब मोजावा आणि प्लग काढून, कपॅसिटर रिकामा केल्यावर कोणता भाग अवाजवी तापला आहे ते पाहावे. मोजलेले आकडे व बदललेला भाग एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून ती चिठ्ठी पेटीच्या बाहेरच्या अंगास चिकटवावी. अभ्यासिकेच्या संगणकावर तशी चिठ्ठी आहे, जांभळी ५.०४, लाल ५.०८, पिवळी ११.९६. पुढच्या वळवात तो पुन्हा बंद पडला तर जो कोणी पेटी उघडेल त्याने प्रथम ती वाचावी.